छताच्या पंख्याखाली दोन थर्मामीटर टांगून ढगांची उंची काढता येते

ओसरीवाला (ता. आर्वी, जि. वर्धा) | २२ जून, संध्याकाळी ७:१०

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, पंखा लावला की गार वाटते, मग भिंतीवरचा थर्मामीटर काहून उतरत नाही?" प्रश्न फक्कड होता, म्हणून तोंडानं सांगत बसण्यापेक्षा प्रयोगशाळेच्या कपाटातले दोन थर्मामीटर काढले. एक कोरडा ठेवला. दुसऱ्याच्या फुग्याला जुन्या धोतराची मऊ पट्टी गुंडाळून ती पाण्यात भिजवली, आणि दोन्ही पंख्याखाली टांगले. पंखा पाचवर.

कोरडा जागचा हलला नाही, ३४ तर ३४. ओला मात्र सरसर उतरत २६.५ वर येऊन थांबला. पंखा हवा गार करत नाही, ओल उडवतो, आणि ओल उडताना उष्णता घेऊन जाते, हे पोरांना डोळ्यांनी दिसलं. तास तिथं संपायला हरकत नव्हती. पण या दोन आकड्यांवरून हवेत वाफ किती आहे ते निघते, त्यावरून दवबिंदू (हवा किती अंशापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागते तो आकडा) निघतो, आणि दवबिंदूवरून खिडकीतून दिसणाऱ्या कापशी ढगांचा तळ किती उंच आहे तेही निघते. मग फळ्यावर काढलंच.

हिशोब असा. २६.५ अंशाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावते तिचा दाब ३४.६ हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक; हा आकडा पुस्तकातल्या तक्त्यात मिळते). कोरड्या-ओल्यातला फरक ७.५. आपल्या भागातल्या हवेच्या दाबासाठी या फरकाला ०.६४ नं गुणायचं, आले ४.८. वजा केले, उरले २९.८. तक्त्यात उलटं पाहिलं तर २९.८ हा २४ अंशाचा आकडा आहे. म्हणजे दवबिंदू २४. शाळेबाहेर कडुनिंबाच्या सावलीत तापमान ३२ होतं. ३२ वजा २४ म्हणजे ८. प्रत्येक अंशाला १२५ मीटर. ढगांचा तळ १००० मीटरवर.

हे १२५ कुठून आले ते सांगतो, कारण पोरांनीही तेच विचारलं. जमिनीवरून वर निघालेली हवा दर किलोमीटरला साधारण ९.८ अंशानं थंड होते. तिचा दवबिंदूही उतरतो, पण कमी, किलोमीटरला सुमारे १.८. म्हणजे दोघांमधलं अंतर किलोमीटरला ८ अंशानं मिटत जाते. जिथं ते शून्य झालं तिथं वाफेचं पाणी होते, आणि तिथूनच ढग सुरू होतो. दुपारच्या कापशी ढगांचे तळ पाटीसारखे सपाट आणि एकाच पातळीत दिसतात ते याच्यामुळेच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या जेम्स एस्पी यांनी दवबिंदूवरून ढगाच्या तळाचा हिशोब मांडला होता, तेव्हा ना रडार होतं ना लेसर.

आता मंडळींना विचारायचं ते हे की माझे १००० मीटर खरे आहेत की नाही, हे पडताळायचं कसं? ड्रोन वगैरे सांगू नका, शाळेला खडू मिळायची मारामार आहे.

कपाशीवाला | ७:३२

मास्तर, ढग किती उंच हाय हे समजून मले काय करायचं? पाऊस येते का नाही ते सांगा. पेरणी खोळंबली हाय.

ओसरीवाला | ७:४८

भाऊ, उंचीवरून पाऊस येईलच असं म्हणता येत नाही, खोटं कशाला बोलू. पण मधला आकडा, दवबिंदू, तो रोज लिहून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडं तो दहा-पंधराच्या घरात असते, मान्सूनची हवा आली की तेवीस-चोवीसवर जाते आणि तिथंच टिकते. एक दिवस चढला, दुसऱ्या दिवशी पडला, तर ती नुसती हुलकावणी. पेरणीचा निर्णय मात्र जमिनीत ओल किती खोल गेली ते पाहूनच घ्या, थर्मामीटर पाहून नको.

निशिगंधा_हिंगणघाट | ८:०५

सर, छान लिहिलंय. एक शंका. पंख्याखालचा कोरडा थर्मामीटर ३४ दाखवत होता, तर तुम्ही शेवटी बाहेरचे ३२ का घेतले? आतलेच ३४ घेतले तर उत्तर १२५० मीटर येतं. सोयीचं उत्तर निवडलं का?

ओसरीवाला | ८:२१

ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. स्लॅबची खोली बाहेरच्या सावलीपेक्षा तापलेली असते. पण दारं-खिडक्या उघड्या असल्या तर आतली आणि बाहेरची हवा तीच, तिच्यातली वाफही तितकीच. हवा नुसती तापली तर दवबिंदू बदलत नाही. म्हणून दवबिंदू पंख्याखाली काढायचा, तिथं वारा हुकमी मिळतो, आणि तापमान बाहेर सावलीतलं घ्यायचं. ढग बनवणारी हवा बाहेरच्या शिवारातून वर जाते, आमच्या वर्गातून नाही.

निशिगंधा_हिंगणघाट | ८:२६

पटलं. मग मे महिन्याचं गणित मीच करून पाहते. कोरडा ४२, ओला २२ धरला. २६.४ वजा २० × ०.६४, राहिले १३.६. दवबिंदू साडेअकराच्या आसपास. फरक साडेतीस, म्हणजे ढग ३८०० मीटरवर! आता कळलं वळवाच्या वेळी काय होतं ते. आभाळ काळंकुट्ट, वारा असा की टिनं उडून जातात, आणि अंगणात मोजून चार थेंब. इतक्या उंचावरून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळत असणार.

ओसरीवाला | ८:३४

अगदी. आणि तो वाळतो म्हणूनच वारा सुटते. पाऊस वाफ होताना हवा थंड करते, थंड हवा जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडं पसरते. टिनं उडवणारा वारा हाच.

तुमच्या ४२ आणि २२ मध्ये अजून एक गोष्ट आहे. कूलर हवेला ओल्या थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा खाली नेऊच शकत नाही. मे मध्ये बाहेर ४२ असताना चांगल्या ताट्यांचा कूलर २६-२७ ची हवा देते. जुलैत ३२ आणि २६ असले तर त्याच कूलरमधून २७ ची दमट हवा, अंगाला चिकचिक. कूलर बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावणारे लोक मी पाहिले आहेत.

खारपाण | (ता. दर्यापूर) ९:१५

मी आत्ताच करून पाहिलं. थर्मामीटर शेतकी शाळेत शिकणाऱ्या पोराचे. कोरडा ३१, ओला २८.५. बाहेर ३१ च आहे. माझ्या हिशोबानं दवबिंदू २७.८, ढग ४०० मीटर. वर पाहिलं तर चांदण्याच्या उजेडात ढग बरेच उंच दिसून राह्यले. कुठं गडबड होऊन राह्यली?

आभाळमाया_नागपूर | ९:२८

तीन प्रश्न. कूलर चालू होता का? खोलीचं तळ शेणानं सारवलेलं किंवा नुकतं पुसलेलं होतं का? पट्टी कोणत्या पाण्यानं भिजवली?

खारपाण | ९:३३

कूलर बंद. फरशी कोरडी. पाणी घरच्याच बोअरचं. दारं मात्र लावून घेतली होती, माशा येतात. आणि हो, त्याच खोलीत घरच्यांची गॅसवर भाकर चालू होती.

आभाळमाया_नागपूर | ९:४६

मग निम्मं उत्तर भाकरीत आहे. गॅस जळताना वाफ सोडतो, तव्यावरून वाफ निघते, माणसांच्या श्वासात वाफ. बंद खोलीत ती साठते आणि दवबिंदू खोटा चढतो. दारं उघडा, स्वयंपाक उरकू द्या.

उरलेलं निम्मं पाण्यात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी पट्टीवर घातलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. दोन-चार वेळा तेच केलं की पट्टी कडक होते, पांढरी पुटं धरते, आणि पाणी नीट उडेनासं होतं. ओला थर्मामीटर मग उतरायला मागत नाही. इन्व्हर्टरमध्ये घालायचं बॅटरीचं पाणी आणा किंवा पावसाचं धरून ठेवा. पट्टी नवी घ्या, ती आधी उकळा. नव्या कापडात खळ असते.

आणि दोन्ही थर्मामीटर एकदा एकाच बादलीत बुडवून बघा. स्वस्तातले थर्मामीटर एकमेकांत सहज अर्ध्या-एक अंशानं भांडतात. ओल्यात अर्धा अंश चुकला तर ढग जवळपास ९० मीटरनं सरकतो.

एक सर्वांसाठी: हे गणित फक्त दुपारच्या कापशी ढगांचं. रात्री, पहाटे, किंवा झडीच्या दिवसात अंगावर आल्यासारखे पसरलेले राखाडी ढग जमिनीवरून वर गेलेल्या हवेचे असतीलच असं नाही. आणि पिसासारखे ढग तर आठ-दहा किलोमीटरवरचे बर्फाचे, त्यांना आपल्या पंख्याशी काही देणंघेणं नाही. दर्यापूरला रात्री सव्वानऊला काढलेल्या आकड्यावर फार जीव टाकू नका.

परतवाडेकर | १०:०२

ओसरीवाले सर, पडताळणीचं म्हणाल तर आमच्याकडं निसर्गानंच पट्टी उभी करून ठेवलीय. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, आणि आमचं परतवाडा पावणेचारशेच्या आसपास. मधे सव्वासातशे मीटरचा फरक. तो १२५ नं भागला तर सहाच्या जरा खाली येतो. म्हणजे परतवाड्यात तापमान आणि दवबिंदू यांत सहाहून कमी फरक असेल तर चिखलदरा ढगात असलं पाहिजे, जास्त असेल तर डोंगराचा माथा दिसला पाहिजे.

पावसाळ्यात आमच्या गच्चीवरून गाविलगडाची बाजू दिसते. दुपारी तीन-चारला तापमान ३२-३३ असतं तेव्हा माथा मोकळा. पाऊस पडून हवा २७-२८ वर आली की डोंगराचं डोकं गेलं ढगात. घाटातून येणारे जीपवाले आल्या आल्या सांगतात, "वर हात दिसत नाही." पर्यटक त्याला धुकं म्हणतात, आहे तो ढगच. मला आजवर हे नुसतं दिसत होतं, आता आकडा मिळाला.

ओसरीवाला | १०:०९

वा! अख्खा डोंगर पट्टी म्हणून वापरायचा. आमच्या आर्वीकडं असं काही नाही, सपाट शिवार.

काळीमाती | १०:३१

सपाट शिवार असेल तर ढगाची सावली पकडा. सूर्य इतका दूर आहे की ढग जेवढा पळतो तेवढीच त्याची सावली जमिनीवर पळते. दोन माणसं धुऱ्यावर उभी करायची, सावली ज्या दिशेनं जाते त्याच दिशेत, अंतर आधी मोजलेलं. फोन चालू ठेवायचा. पहिला म्हणतो "आली", दुसऱ्याकडं येईस्तोवर सेकंद मोजायचे. ९०० मीटर ९० सेकंदांत म्हणजे सेकंदाला १० मीटर.

आता तिसऱ्यानं अगदी डोक्यावरच्या ढगाची एक कड पकडायची. हात ताठ करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश. कड मुठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला किती वेळ लागला ते बघा. १८ सेकंद लागले तर तेवढ्यात ढग १८० मीटर गेला, आणि १८० मीटर १० अंशात मावतात म्हणजे ढग १०२० मीटरच्या आसपास उंच. १० अंशासाठी अंतराला ५.७ नं गुणलं की झालं.

मूठ प्रत्येकाची वेगळी, म्हणून शंभर-दोनशे मीटरची चूक धरून चाला. पण थर्मामीटरशी याचा काडीचा संबंध नाही, आणि म्हणूनच पडताळायला चांगलं. दोन्ही वाटांनी हजाराच्या जवळपास आलं तर तुमचे आकडे खरे.

कपाशीवाला | १०:४०

हे बाकी झकास हाय. सावलीमागं धावणं तर लहानपणी लय केलं, सेकंद नाही मोजले.

आभाळमाया_नागपूर | ११:०५

विमानतळांवर हे कसं करतात तेही लिहून ठेवतो. मोठ्या विमानतळांवर सिलोमीटर नावाचं यंत्र असतं. ते लेसरचा एक ठोका सरळ वर सोडतं आणि ढगाला लागून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. जाऊन-येऊन एका मायक्रोसेकंदात १५० मीटर उंची. १२०० मीटरवरच्या ढगाहून ठोका ८ मायक्रोसेकंदांत परत.

त्याच्या आधी सोपे मार्ग होते. दिवसा हायड्रोजनचा छोटा फुगा सोडायचा, त्याचा चढण्याचा वेग ठरलेला, ढगात गडप होईस्तोवर घड्याळ लावायचं. रात्री सर्चलाइट सरळ वर मारायचा आणि ठरलेल्या अंतरावरून ढगावरच्या उजेडाच्या ठिपक्याचा कोन मोजायचा. सर्चलाइटपासून ५०० मीटर दूर उभे राहिलात आणि ठिपका ६० अंशांवर दिसला तर ढग ८६६ मीटरवर. यात्रेत किंवा लग्नात असे दिवे आणतात, ऑपरेटरला दोन मिनिटं दिवा सरळ वर धरायला सांगा. कंपासपेटीतला कोनमापक आणि ओळंब्याला दोरी, बस.

आणि घरबसल्या पडताळायचं तर नागपूर विमानतळाचा हवामान संदेश नेटवर मिळतो. त्यात "३२/२४" असं तापमान आणि दवबिंदू लिहिलेलं असतं, आणि जवळच "एससीटी०३०" असं काही. त्याचा अर्थ आठापैकी तीन-चार भाग आभाळ झाकलंय आणि ढगांचा तळ जमिनीपासून ३००० फुटांवर, म्हणजे ९१५ मीटर. तुमच्या नियमानं ३२/२४ चे १००० मीटर येतात. फार लांब नाही. शिवाय हवामान खात्याचा फुगा नागपूरहून सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांसाठी जातो. त्याचे आकडे वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ४२८६७ या स्थानक क्रमांकाखाली दिसतात.

पंख्याचं म्हणाल तर सरांची युक्ती जुन्या घराण्यातली आहे. जर्मनीच्या रिचर्ड आसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओल्या-कोरड्या थर्मामीटरवर चावीचा पंखा बसवला, कारण वारा सारखा नसेल तर ओल्याचा आकडा भरवशाचा नसतो.

वीजतंत्री_पुसद | २३ जून, सकाळी ७:५०

पंख्यावर कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. या मापाला सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वारा लागतो असं वाचलं. ४८ इंची पंखा पूर्ण वेगात असेल तर पात्याच्या लांबीच्या मध्याखाली तेवढा मिळू शकतो. पण गाभ्याच्या (मधल्या मोटारीच्या) बरोबर खाली नाही, तिथं वारा जवळपास नसतोच. थर्मामीटर पात्याच्या मध्यभागाखाली येईल असा टांगा. आणि टांगा म्हणजे पंख्याला नाही! आढ्याला किंवा खिडकीच्या गजाला दोरी बांधा, नाहीतर उंच स्टुलावर स्टँड ठेवा. पाऱ्याचा थर्मामीटर असला तर वर्गात वापरूच नका, लाल रंगाचा स्पिरिटचा घ्या.

दुसरं म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की गावात २३० चे १८० होतात. साध्या पंख्याच्या मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं पडतो, म्हणजे जवळपास ४० टक्के गेला. पंखा फिरताना दिसतो, वारा नसतो. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा अशा वेळी बरीच गती टिकवतो आणि ७५ ऐवजी तीसेक वॅटच खातो. लाइटच गेली तर थर्मामीटर दोरीला घट्ट बांधून गोफणीसारखा डोक्यावर फिरवा, मोकळ्या जागेत, पोरांना लांब उभं करून.

निशिगंधा_हिंगणघाट | ८:१५

सावलीच्या प्रयोगाबद्दल एक. पोरांना मोकळ्या शिवारात उभं करणार असाल तर फक्त पांढऱ्या छोट्या ढगांच्या दिवशी. ढग फुलकोबीसारखा उंच चढायला लागला की घरात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद भागिले तीन म्हणजे किलोमीटर, पण ते विजेचं अंतर आहे, ढगाची उंची नाही, आणि ऐकू आली म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप मास्तरांच्या फोनमध्ये असू द्या.

खारपाण | दुपारी २:५०

बॅटरीचं पाणी, नवी पट्टी, दारं सताड उघडी. कोरडा ३५, ओला २६. बाहेर सावलीत ३४. दवबिंदू २३ च्या जरा खाली, ढग १४०० मीटर. आता आभाळाशी जुळते.

ओसरीवाला | ३:२०

आमच्याकडं आज सावली पकडली. नाल्याच्या पुलापासून शाळेच्या फाटकापर्यंत. मुठीनं ११५० आले, पंख्यानं १०७५. पोरं आता रोज दुपारी करू म्हणतात, त्यांना शिवारात जायला मिळते हे खरं कारण.

कपाशीवाला | ३:४१

वीजतंत्री भाऊ, आमचा पंखा नुसता घूं घूं करते, काठीनं ढकलला की फिरते, तेही हळू. वायंडिंग गेलं का?

वीजतंत्री_पुसद | ३:५५

वायंडिंग गेलं असतं तर जळका वास आला असता. हा कंडेन्सर. मेन बंद करा, वरचा कप खाली सरकवा, पांढरी डबी दिसेल. तिच्यावर बहुतेक २.५ लिहिलेलं असेल, जे लिहिलं असेल तेच आणा, "फास्ट फिरेल" म्हणून दुकानदार मोठा देत असेल तर घेऊ नका, मोटार तापते. वायरी जिथून काढल्या तिथंच लावा.

कपाशीवाला | सायंकाळी ६:३०

आणला, लावला, भर्रकन सुटला. काठी चुलीत घातली.